पेठेतील परदेशी भाडेकरू: अडचण मनाची की कागदाची?

पुण्याच्या पेठेतले घरमालक संकुचित मनाचे असल्यामुळे परदेशी माणसाला जागा देत नाहीत, असे म्हटले जाते. हे मत मला अर्धेच पटते. आमच्या कसबा पेठेतील वाड्यात संस्कृतचा अभ्यास करणारी एक जर्मन मुलगी दोन वर्षे राहिली. तिला होकार देताना माझे वडील कचरले ते तिच्या परकेपणामुळे नव्हे, तर कागदपत्रांच्या धास्तीने. परदेशी व्यक्ती राहायला आली की २४ तासांच्या आत तिची ऑनलाइन नोंद करण्याची जबाबदारी घरमालकावर असते. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरू देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवून घेण्याचे कामही मालकाचेच असते. तोंडी शब्दावर पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरू ठेवलेल्या वाड्यांत हे कुणी समजावून सांगितलेलेच नसते. भाडेकरूने ही माहिती स्वतःहून मालकापुढे ठेवली, तर निम्मी भीती तिथेच ओसरते, असा माझा अनुभव आहे.

मालकानेही काही गोष्टी आधी सांगायला हव्यात. तांब्याची भांडी घडवणाऱ्या तांबट आळीतल्या हातोड्यांच्या ठोक्यांची त्या जर्मन मुलीला लवकर सवय झाली, पण अनंत चतुर्दशीला पेठेतले रस्ते वाहनांना बंद असतात हे आम्ही सांगायचे विसरलो. तिचे परतीचे विमान नेमके त्याच रात्री होते, त्यामुळे तिच्या दोन जड बॅगा उचलून आम्हाला नदीपलीकडे शिवाजीनगरपर्यंत चालत जावे लागले.