राज्यघटनेचा अभ्यास तुम्ही कसा केलात?

दहावीचं राज्यशास्त्र असो की राज्यसेवेची पूर्व परीक्षा, संविधान सगळ्यांच्याच वाट्याला येतं. पण घोकून संपवावं असं त्यात काही नाही, असं मला मनापासून वाटतं. मुंबईकरांनो, तुम्ही ते कसं वाचलंत, कुठे अडलात, काय पक्कं बसलं? सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

राज्यसेवेची तयारी, दादर
अभ्यासिकेत बरेच जण 14, 19, 21, 32 असे आकडे पाठ करतात. मी अनुच्छेदाला खटला जोडते. 21 म्हटलं की ओल्गा टेलिस. 1981 मध्ये मुंबईच्या फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवायचं ठरलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1985 च्या निकालाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. पोट भरायचं साधनच काढून घेतलं तर जगायचं कशावर? मात्र कायदेशीर मार्गाने, म्हणणं मांडायची संधी देऊन अतिक्रमण काढता येतं, हेही त्याच निकालात आहे. हा दुसरा भाग अनेक जण वाचतच नाहीत. निकाल पूर्ण वाचा, नुसत्या नोट्सवर राहू नका.

रात्रशाळेतला शिक्षक, परळ
माझी मुलं दिवसभर काम करून येतात, त्यामुळे नुसतं वाचून दाखवलं तर डोळे मिटतात. मी वर्गाचीच दोन सभागृहं करतो. महाराष्ट्राची विधानसभा 288 जणांची, विधान परिषद 78 जणांची. एक कागद विधेयक म्हणून फिरतो. परिषदेने तीन महिने रोखून धरला, तर विधानसभा तो पुन्हा मंजूर करते. मग परिषदेच्या हाती आणखी एकच महिना. त्यानंतर विधेयक मंजूर झालं असं समजतात. संसदेसारखी संयुक्त बैठक राज्यात नाही. धन विधेयकाला, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाच्या विधेयकाला, तर परिषदेकडे फक्त 14 दिवस. एका मुलाने विचारलं, "सर, मग परिषद हवीच कशाला?" त्या रात्री धडा पुढे सरकला नाही, वाद मात्र घंटा झाल्यावरही चालू होता. असा तास वर्षातून एकदा जरी मिळाला तरी मला पुरतो.

दहावीतल्या मुलीची आई, भांडुप
73वी घटनादुरुस्ती पंचायतींची, 74वी नगरपालिका-महापालिकांची. लेकीला हे आपल्या वॉर्डावरून समजावलं. मुंबईत 227 प्रभाग आहेत, त्यातला आपला कोणता, ते तिने स्वतः शोधलं. आता पाणी आलं नाही की कुणाकडे जायचं, हे ती मला सांगते!

विधी शाखेचा विद्यार्थी, चर्चगेट
दुरुस्त्या सुट्या सुट्या पाठ करू नका, ओळीने वाचा. 1973 मध्ये केशवानंद भारती खटला, 13 न्यायाधीश, 7 विरुद्ध 6, मूलभूत चौकटीचा सिद्धांत: संसद घटना दुरुस्त करू शकते, पण तिचा गाभा मोडू शकत नाही. 1976 ची, संसदेचे अधिकार वाढवणारी 42वी दुरुस्ती. ती बरीचशी मागे घेणारी 1978 ची 44वी. मग 1980 चा मिनर्व्हा मिल्स खटला, ज्यात न्यायालयाने 42व्या दुरुस्तीतले काही भाग रद्द केले. संसद आणि न्यायालय यांच्यातली ती ओढाताण लक्षात आली की सनावळी वेगळी पाठ करावी लागत नाही.

पहिल्यांदा पूर्व परीक्षा देणारी, कुर्ला
अनुच्छेद 32 आणि 226 मध्ये माझा गोंधळ होतो. कुणी सांगाल का?

विधी शाखेचा विद्यार्थी, चर्चगेट
ताई, 32 खाली सर्वोच्च न्यायालयात फक्त मूलभूत हक्कांसाठी जाता येतं. 226 खाली उच्च न्यायालय इतर कायदेशीर हक्कांसाठीही रिट, म्हणजे हक्क राखण्यासाठीचा आदेश, काढू शकतं, म्हणून त्याची कक्षा मोठी.