मदत हवी आहे: अंबाजोगाईत स्वमग्न मुलांच्या पालकांचा गट

नमस्कार मंडळी. माझा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. थेरपीसाठी आम्ही लातूरला जातो. तिथं बाहेरच्या बाकड्यावर आया जे बोलतात ना, मिक्सर लावायच्या आधी लेकराला कसं सांगायचं, केस कापताना काय करायचं, ते दुसरीकडं कुठंच कळत नाही. असं बसणं आपल्या गावात व्हावं, एवढंच मनात आहे. केज, धारूर, परळीचे पालकही येऊ शकतील.

अडचण अशी की लोक पुढं येत नाहीत. "उशिरा बोलेल, त्याचा चुलताही उशिराच बोलला" असं म्हणून घरात झाकून ठेवतात. बाप तर येतच नाहीत. अशांपर्यंत कसं पोचावं? आशाताईंना सांगावं का?

पहिल्या बैठकीत युडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आणि निरामय विमा (अशा लेकरांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) यांचे अर्ज भरून द्यावेत म्हणते. निरामयमध्ये वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, तरी कित्येकांना माहीत नाही. संस्थेची नोंदणी एवढ्यात नको, असं मला वाटतं. आधी माणसं जमू द्या.

नांदेड, परभणीकडं कुणी असा गट चालवलाय का? बैठकीत लेकरांना कोण सांभाळतं, तेवढं नक्की सांगा.