मदत हवी आहे: लॅटिन 'सुफ्रागियो' म्हणजे मतच ना? (तातडीचं)

शाईचा_डाग: भाषांतराचं काम आहे, उद्या संध्याकाळी द्यायचंय. 'सिने क्वोक्वो सुफ्रागियो' इथे अडकलेय. शब्दकोशात सुफ्रागियुम म्हणजे मत, मतदान, मताधिकार. 'कोणत्याही मताशिवाय' लिहिलं तर वाक्याला काही अर्थच राहत नाही. लॅटिन जाणणारं कोणी आहे का?

गडवाटा: सोपं आहे. रोमच्या इतिहासात 'किवितास सिने सुफ्रागियो' प्रसिद्ध आहे. नागरिकत्व मिळायचं, सैन्यात जावं लागायचं, पण रोममध्ये मत नाही. इ.स.पू. 338 मध्ये इटलीतल्या कापुआ शहराच्या लोकांना हेच मिळालं. बिनधास्त 'मताधिकाराविना' लिहा.

पिंपळपान: ताई, पूर्ण वाक्य द्या. आणि मजकूर कोणत्या शतकातला?

मोडीप्रेमी: मतदान कसं चाले तेही बघा. इ.स.पू. 139 च्या गाबिनिया कायद्याने निवडणुकीत गुप्त मतदान आलं. अरुंद पुलावरून एकेकाने जायचं आणि पाटी टोपलीत टाकायची. कायद्यावर मत असेल तर पाटीवर 'व्ही' म्हणजे 'तुम्ही म्हणता तसं', 'ए' म्हणजे 'जुनंच राहू दे'. इ.स.पू. 63 च्या सुमाराच्या एका दिनारावर पाटी टाकणारा मतदार आहे, त्या पाटीवरचा 'व्ही' स्पष्ट दिसतो. फार सुंदर नाणं!

शाईचा_डाग: माहिती छान आहे, पण माझं वाक्य अजून तिथेच आहे. पूर्ण असं: 'उत युदिकेस सिने क्वोक्वो सुफ्रागियो फियान्त'. मी केलेलं: 'न्यायाधीश कोणत्याही मताशिवाय व्हावेत'. मताशिवाय न्यायाधीश?

गडवाटा: म्हणजे निवडणूक न घेता नेमायचे. बसतंय की.

पिंपळपान: नाही बसत. शतक सांगा, तिसऱ्यांदा विचारायला लावू नका.

शाईचा_डाग: रोमन सम्राट जस्टिनियनचा कायदा आहे, इ.स. 535. ते लिहायला हवं होतं का?

पिंपळपान: तेच तर सगळं! इ.स. 14 मध्ये सम्राट टायबेरियसने अधिकाऱ्यांची निवड लोकांकडून काढून सिनेटकडे दिली. मत देणाऱ्याला महत्त्व उरलं नाही, वर शब्द टाकणाऱ्याला आलं. म्हणून सुफ्रागियुम म्हणजे शिफारस, वशिला, आणि पुढे त्या वशिल्यासाठी मोजलेले पैसेसुद्धा. 535 मध्ये प्रांताचे अधिकारी कर्ज काढून पद विकत घेत आणि ते कर्ज रयतेकडून वसूल करत. हा कायदा त्याविरुद्ध आहे. पैसे दिले नाहीत अशी शपथ घ्यावी लागे, तिचा मसुदाही त्याला जोडलेला आहे. आणि 'युदिकेस' इथे न्यायाधीश नव्हेत, प्रांताधिकारी. त्या काळी हाच शब्द त्यांना लावत.

गडवाटा: एका शब्दाचा अर्थ इतका उलटा होईल हे पटत नाही. मूळ 'फ्रांगेरे', मोडणे. खापराच्या तुकड्यावर मत लिहीत.

मोडीप्रेमी: ते सिद्ध नाही. 'फ्रागोर', म्हणजे जमावाचा गजर, यावरूनही लावतात. आणि व्युत्पत्तीवरून सहाव्या शतकातला अर्थ ठरत नाही.

मांडवीकाठ: आमच्याकडे गोव्यात जुन्या पोर्तुगीज कागदांत मृताच्या आत्म्याच्या 'सुफ्राजियु'साठी मिसा (चर्चमधली प्रार्थनाविधी) असं येतं. चर्चच्या लॅटिनमध्ये सुफ्रागियुम म्हणजे दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना. मत असो, वशिला असो की प्रार्थना, पाठबळ आहेच.

निळीशाई: लॅटिन शिकायला सुरुवात कुठून करावी? वय 52.

मोडीप्रेमी: वेगळा धागा काढा, नक्की सांगतो.

शाईचा_डाग: पिंपळपान, मनापासून आभार. 'प्रांताधिकारी कोणत्याही वशिल्याशिवाय नेमले जावेत' असं करते. की 'सुभेदार' घेऊ?

पिंपळपान: सुभेदार नको, वाचक थेट पेशवाईत जाईल. आणि नुसत्या वशिल्यात पैसे दिसत नाहीत. 'पैसे देऊन मिळवलेल्या वशिल्याशिवाय' लिहा.

गडवाटा: 'लाच न घेता' लिहा, सुटसुटीत.

पिंपळपान: लाच घेणारा इथे कोण? पैसे देणारा हाच पुढे अधिकारी होतो. 'न देता' म्हणा हवं तर.