मदत हवी आहे : कविता गूगलवर सापडावी, पण तिथेच वाचून होऊ नये

आमच्या दिवाळी अंकातल्या जुन्या कविता कवींच्या परवानगीने संकेतस्थळावर चढवतो आहोत. बहुतेक आठ-दहा ओळींच्या. त्या शोधणाऱ्याला सापडाव्यात ही कवींची इच्छा. पण शोधनिकालाखालच्या उताऱ्यात ओळी सलग जोडून, मध्येच तोडून अर्धी कविता दिसते, ते बघवत नाही.

म्हणून काम करून देणाऱ्यांनी रोबोट्स.टीएक्सटीमध्ये (बॉटसाठी, म्हणजे पानं आपोआप वाचणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, सूचनांची फाइल) कवितांचा फोल्डर डिसअलाऊ केला आणि पानांवर नोइंडेक्स ही ‘शोधाच्या यादीत घेऊ नका’ अशी खूणही टाकली. आता उतारा गेला, पण काही पानांचे नुसते पत्ते अजून गूगलवर येतात. असं का? आणि एआयच्या प्रशिक्षणासाठी कविता उचलल्या जाऊ नयेत, यासाठी रोबोट्स.टीएक्सटीमधून गूगल-एक्स्टेंडेड (गूगलच्या एआयला मजकूर वापरू द्यायचा की नाही ते सांगायचं नाव) बंद केलं तर शोधातूनही बाहेर पडू का?

प्रतिसाद :
ताई, डिसअलाऊ म्हणजे बॉटला पान उघडायचीच मनाई. मग पानावरचं नोइंडेक्स तो वाचणार कुठून? दुसऱ्या कुणी दुवा दिलेला असला की पत्ता तेवढा यादीत येतो. तुम्हाला कविता सापडायला हवी आहे, तेव्हा दोन्ही काढा. फक्त कवितेच्या डिव्हला (पानाच्या कोडमधल्या कवितेच्या चौकटीला) डेटा-नोस्निपेट ही ‘एवढा भाग उताऱ्यात दाखवू नका’ अशी खूण लावा. गूगलने ही सोय २०१९मध्ये आणली. शीर्षक, कवीचं नाव आणि अंकाचं वर्ष त्या डिव्हच्या बाहेर ठेवा, म्हणजे उताऱ्यात तेच येईल. अख्ख्या पानाला नोस्निपेट लावलंत तर हेही जाईल.

गूगल-एक्स्टेंडेड खुशाल बंद करा, शोधातल्या स्थानावर परिणाम होत नाही. मात्र ते गूगलच्या जेमिनी या एआयपुरतं आहे. शोधनिकालांच्या वर येणारी एआयची उत्तरं गूगलबॉटने (गूगल शोधाच्या बॉटने) वाचलेल्या पानांवरूनच बनतात, तिथे डेटा-नोस्निपेटच कामाला येतं. जीपीटीबॉट (ओपनएआयचा) आणि सीसीबॉट (कॉमन क्रॉलचा) यांना वेगळी मनाई लिहावी लागेल.

एक गोष्ट कवींना स्पष्ट सांगाच. रोबोट्स.टीएक्सटी १९९४पासून चालत आलेली विनंती आहे. २०२२मध्ये तिचं आरएफसी ९३०९ हे इंटरनेटचं मानक निघालं, त्यातही हे नियम म्हणजे प्रवेशाचा परवाना नव्हे असं लिहिलंय. न जुमानणारा बॉट कविता नेऊ शकतो. ज्यांना ते अजिबात चालणार नाही, त्यांच्या कविता लॉगिनच्या आड ठेवा.

धागाकर्ती :
मनापासून आभार. दोन कवींशी पुन्हा बोलावं लागेल. डिसअलाऊ काढल्यावर फरक कधी दिसेल?

प्रतिसाद :
रोबोट्स.टीएक्सटीची जुनी प्रत गूगल साधारण २४ तासांपर्यंत वापरतं. पानं पुन्हा वाचली जायला मात्र दिवस-आठवडे लागू शकतात. महत्त्वाची पानं सर्च कन्सोल या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या गूगलच्या सोयीमधून पुन्हा वाचायला सांगा. आधी डेटा-नोस्निपेट लावा, मगच डिसअलाऊ काढा.