प्रतिसाद: फॉर्म नको, शेजारी बसा

दादा, वर तुम्ही लिवलं की संशोधनाचे पेपर शोधायचं सर्च टूल बनवायच्या आधी पीएचडीच्या पोरांकडून गूगल फॉर्म भरून घेऊ, कोणते फिल्टर पाहिजेत ते कळंल. फॉर्मवर माझा काय विश्वास नाही बघा. फिल्टर पाहिजेत का म्हणलं की सगळेच हो म्हणतेत. त्यापेक्षा परभणीला कृषी विद्यापीठात बोंडअळीवर नाहीतर तुरीच्या मर रोगावर काम करायलेत अशी चार-पाच पोरं गाठा (सगळी एकाच लॅबची नकोत), त्यांचा चालू विषय त्यांनाच शोधायला लावा अन तुम्ही शेजारी गप बसा, मधी फक्त 'आता काय बघायलास' एवढंच इचारायचं. एकाच गुलाबी बोंडअळीला कुणी पिंक बोलवर्म टाकंल, कुणी पेक्टिनोफोरा हे शास्त्रीय नाव, अन लिस्ट वेगळी आली की कुठं अडकतंय ते तिथंच दिसंल. पबमेड (वैद्यकीय अन जीवशास्त्राचे पेपर शोधायची साइट) आपण टाकलेल्या शब्दाला आतल्या आत मेशच्या (त्यांच्या ठरलेल्या विषय-शब्दांच्या यादीतल्या) टर्म जोडतंय, पण नेमकं काय जोडलं ते बघायला अॅडव्हान्स्डमधी जाऊन हिस्टरीतले डिटेल्स उघडावे लागतेत, तिथपर्यंत कोण जातंय राव! माझं तर म्हणणं, आपल्या टूलमधी ते सर्च बॉक्सच्या खालीच दाखवा.

अजून एक, पबमेडच्या लॉगवर (लोकांनी काय शोधलं, कुठं क्लिक केलं त्याची नोंद) २००९ ला पेपर आलता, त्यात ८० टक्क्यांहून जास्त क्लिक पहिल्याच पानावरचे निघाले. म्हणून रँकिंगवर (कोणता पेपर वर दाखवायचा त्यावर) आधी टाइम घाला, रंग अन आयकॉन नंतर बघू. लॉग नुसता क्लिक सांगतो, पोरगं वैतागून गूगल स्कॉलरला का पळालं हे त्यात येत नाही, त्याला शेजारीच बसावं लागतंय.