दोन मॉनिटर आणि एक लॅपटॉप, ७ हजारांत डॉकिंग स्टेशन कुठलं घ्यावं?

नमस्कार मंडळी, डॉकिंग स्टेशन (म्हणजे एका केबलने लॅपटॉपला मॉनिटर, चार्जर, माउस सगळं जोडणारा डबा, छोट्याला हब म्हणतात) घ्यायचंय, एकदा पैसे वाया गेलेत म्हणून आता विचारूनच घेणार आहे. पोस्ट लांबलीये, पण अर्धवट माहितीवर परत चुकायला नको म्हणून सगळं लिहितेय.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, ऑफिस महापेला. तीन दिवस ऑफिस, बाकी घरून. काम अकाउंट्स आणि जीएसटीचं. १४ तारखेला टू-बी (विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) आलं की २० ला थ्री-बी (महिन्याचं रिटर्न) भरेपर्यंत नुसतं मॅचिंग चालू असतं, एकीकडे टॅली सॉफ्टवेअरमधलं परचेस रजिस्टर, एकीकडे टू-बीची एक्सेल आणि लॅपटॉपवर पोर्टल. १४ इंची स्क्रीनवर सारखं इकडून तिकडे करत हे केलं की एखादं बिल नजरेतून सुटतंच आणि मग क्लायंटचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) त्या महिन्यात अडकतं. म्हणून दोन मॉनिटर मला खरंच लागतात.

सामान असं आहे. लॅपटॉप ऑफिसचा, विंडोज ११, आय-फाइव्ह अकरावी जनरेशन, टाइप-सी एकच आणि चार्जिंग पण त्यातूनच, चार्जर ६५ वॅटचा. एक एचडीएमआय, दोन साधे यूएसबी. एक मॉनिटर २४ इंची फुल एचडी, त्याला एचडीएमआय आणि व्हीजीए. दुसरा २७ इंची, २५६० बाय १४४०, भावाने नवीन घेतल्यावर त्याचा मला दिला, त्याला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. शिवाय कीबोर्ड, माउस, प्रिंटर आणि डीएससीचं टोकन, म्हणजे डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा तुकडा.

लॅपटॉपचं एचडीएमआय वापर असं कोणी सांगेल, पण आठवड्यातून तीनदा केबल काढून घालून ते पोर्ट ढिलं झालंय. केबलखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली तर चित्र टिकतं, टेबलाला जरा धक्का लागला की स्क्रीन काळी. ऑफिसचं मशीन असल्यामुळे दुरुस्तीला दिलं तर आठवडाभर हातात नाही, ते मला परवडणारं नाही. म्हणून टाइप-सीची एकच केबल लावायची आणि सगळं चालू झालं पाहिजे.

मागच्या महिन्यात स्टेशनजवळच्या एका दुकानातून २२०० रुपयांचं हब आणलं, त्याला एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए. घरी लावलं तर दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र. विंडोज आणि पी दाबून एक्स्टेंड केलं तरी तेच, लॅपटॉपवर वेगळं आणि बाहेरच्या दोन्हींवर सारखं. दुकानदार म्हणाला ड्रायव्हर टाका, परत घ्यायला तयार नाही. अजून एक त्रास म्हणजे चार्जरची पिन काढली किंवा घातली की हब क्षणभर बंद पडतं, टोकन डिस्कनेक्ट होतं, सही करताना असं दोनदा झालं आणि फाइलिंग पहिल्यापासून करावं लागलं.

डिस्प्लेलिंकवालं (सॉफ्टवेअरच्या मदतीने यूएसबीतून चित्र पाठवणारं) घे असं एकाने सुचवलं, पण त्याला ड्रायव्हर लागतो आणि माझ्याकडे ॲडमिन राइट्स (सॉफ्टवेअर टाकायची परवानगी) नाहीत. थंडरबोल्टचे (टाइप-सीसारख्याच पण जास्त वेगवान जोडणीचे) डॉक बजेटच्या पार बाहेर. मग माझ्यासाठी काय उरतं? टाइप-सी पोर्टशेजारी इंग्रजी डी सारखं छोटं चिन्ह आहे, त्याचा काही उपयोग?

प्रतिसाद
ताई, ते डी चिन्ह म्हणजे डिस्प्लेपोर्ट, त्या पोर्टातून चित्र बाहेर येतं. कित्येक लॅपटॉपचं टाइप-सी फक्त डेटाचं असतं, त्यांना कितीही भारी हब लावा, मॉनिटर लागतच नाही. तुमचं हब बिघडलेलं नाही, ते एकच चित्र दोन ठिकाणी पाठवणारं आहे, ड्रायव्हर टाकून काही फरक पडणार नाही. तुम्हाला एमएसटीवालं (मल्टी-स्ट्रीम ट्रान्सपोर्ट) पाहिजे, ते एका केबलमधून दोन वेगवेगळी चित्रं काढतं आणि विंडोजवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मॅकवाल्यांनी मात्र हे वाचून असं हब घेऊ नका, मॅकओएस एमएसटीने दोन वेगळे डिस्प्ले देत नाही.

प्रतिसाद
वरच्याशी सहमत, पण नुसतं एमएसटी बघून घेऊ नका, तुमचा २७ इंची १४४० चा आहे. टाइप-सीत हाय स्पीडच्या चार लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, असतात. हबवर फास्ट यूएसबी म्हणजे ३.० असेल तर दोन लेन तिकडे जातात आणि चित्राला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ असेल तर त्या दोन लेनमधून सेकंदाला साधारण ८.६ गिगाबिट जातं. फुल एचडीला ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं होणं) ३.३ च्या आसपास लागतं, १४४० ला ५.८, बेरीज ९.१. बसत नाही. मग एक मॉनिटर ३० हर्ट्झवर येतो नाहीतर रेझोल्यूशन पडतं, आणि ३० वर माउस अडकत अडकत चालल्यासारखा वाटतो, दिवसभर एक्सेल बघणाऱ्याचे डोळे दुखतात. डिस्प्लेपोर्ट १.४ ला तेवढ्याच दोन लेनमधून १२.९ जातं. अकराव्या जनरेशनच्या इंटेलला १.४ आहे, तेव्हा हबसुद्धा १.४ चंच बघा. किंवा ज्याचे यूएसबी पोर्ट २.० आहेत असं एमएसटी हब चारही लेन चित्राला देऊ शकतं, ते सहसा स्वस्तही मिळतं. टोकन, माउस, कीबोर्ड, प्रिंटर यांना २.० भरपूर झालं.

प्रतिसाद
चार्जरबद्दल सांगतो. ६५ वॅटमधले १०-१५ हब स्वतःला ठेवतं, लॅपटॉपला ५० च्या आसपास मिळतात, अकाउंट्सच्या कामाला चालून जातं. आधी चार्जर हबला लावायचा, मग हब लॅपटॉपला, आणि काम चालू असताना पिनेला हात लावायचा नाही, कारण पॉवर बदलली की बरीच हब रीसेट होतात. आणि टोकन सरळ लॅपटॉपच्या यूएसबीत लावा की, दोन आहेत ना तुमच्याकडे? सहीचं काम हबच्या भरवशावर कशाला ठेवायचं.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार, लेनचा हिशोब मला कुणी इतका नीट सांगितला नव्हता. शनिवारी लॅपटॉप पिशवीत घालून लॅमिंग्टन रोडला गेले आणि आधी लावून दाखवा मगच पैसे असं सांगितलं. पहिल्या दुकानात चक्क नाही म्हणाले. दुसऱ्या दुकानात दोन मॉनिटर लावून दाखवले, एक फुल एचडी आणि एक १४४०, एक्स्टेंड झालं, डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन्हीकडे ६० हर्ट्झ. एमएसटी, डिस्प्लेपोर्ट १.४, दोन एचडीएमआय, १०० वॅटपर्यंत चार्जिंग, ५८०० ला पडलं. बिलावर सात दिवसांत बदलून देऊ असं लिहूनच घेतलं.

घरी येऊन लावलं, काल रात्री तीन तास काम केलं, एकदाही स्क्रीन गेली नाही. टोकन लॅपटॉपलाच लावलंय. प्रिंटर अजून जोडलेला नाही, काही अडलं तर इथेच विचारेन. आणि ते जुनं हब एका मॉनिटरसाठी ठणठणीत आहे, कोणाला हवं असेल तर पैसे नकोत, वर्तकनगरला घरून घेऊन जा नाहीतर ऑफिसच्या दिवशी कोपरखैरणे स्टेशनला देते.