घरच्या गॅरेजात स्पोर्ट्स कार उभी करणं हा पोरखेळ आहे का?

कॅनलेकर

परवा जुन्या गाड्यांच्या गप्पांत 'दुसरा गिअर' यांनी एक पिंक टाकली: "घरी स्पोर्ट्स कार रिस्टोअर करणारे शेवटी गाडी खोक्यांत भरून विकतात, नाहीतर वैतागलेली बायको विकते. ज्याचं काम त्यानेच करावं." वर अंगठ्यांचा पाऊस. दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

माझी गाडी ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क ४, १९७३ची. मी कोव्हेंट्रीत राहतो, ती इथल्याच कॅनलेच्या कारखान्यातून बाहेर पडली. ज्यांच्या घरी स्टँडर्ड हेराल्ड (ट्रायम्फ हेराल्डचा भारतीय अवतार) होती त्यांना तिचं अर्धं अंग ओळखीचं वाटेल. हेराल्डचीच चासी आखूड करून तिच्यावर मिचेलोतीने काढलेली दोन सीटची बॉडी बसवली. पुढचा सगळा तोंडवळा, मडगार्डांसकट, एका झटक्यात पुढे कलंडतो. टॅपेट लावायचे तर मी पुढच्या टायरवर बूड टेकून बसतो, हत्यारं दुसऱ्या टायरवर. घरी काम करता यावं म्हणूनच बनवल्यासारखी गाडी आहे ही.

आता हिशेब. स्पिटफायर तीन लाखांवर निघाल्या. त्यामुळे चांगली गाडी आजही फार महाग नाही. वर्कशॉपवाल्याने दोन्ही सिल (दाराखालचे पत्र्याचे पोकळ पट्टे), फ्लोअर आणि रंग धरून बिल केलं, तर ते गाडीच्या किमतीच्या वर जातं. जग्वार ई-टाइपवाल्याला ते बिल परवडतं, कारण काम झाल्यावर गाडीची किंमत त्याच्याही वर असते. स्पिटफायरवाल्याला नाही. म्हणजे तिच्यापुढे 'घर की वर्कशॉप' असा प्रश्नच नसतो. घर की भंगार, एवढाच असतो. आज रस्त्यावर ज्या दिसतात त्यांतल्या कितीतरी कुणाच्या तरी घरामागच्या शेडमध्ये वाचल्या आहेत. 'ज्याचं काम त्याने करावं' म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, ते बिल कोण भरणार?

दुसरा गिअर

माझ्या एका वाक्यावर एवढा निबंध! धन्य झालो.

साहेब, तुमचा हिशेब बरोबर असेलही. पण त्या हिशेबात पुढचा खरेदीदार कुठे आहे? मी इथे लेस्टरला राहतो आणि 'अर्धवट प्रोजेक्ट' विकत घेण्याचं व्यसन मला आहे. घरी केलेलं काम काय असतं ते मी खरवडून पाहिलंय. गंजावर पत्र्याचं ठिगळ, ठिगळावर बोटभर लांबी (पुट्टी हो), लांबीवर चकाचक रंग. चुंबक लावला तर चिकटत नाही. आणि स्पिटफायरचे सिल म्हणजे शोभेची पट्टी नव्हे. हेराल्डच्या चासीला बाजूचे हात असतात, स्पिटफायरला ते नाहीत. गाडीचा ताठपणा सिलवर आणि मागची चाकं जागेवर धरणारे रेडियस आर्म थेट बॉडीवर. ते काम ज्याने कधी वेल्डिंग गन धरली नाही, त्याने ऐन रविवारी व्हिडिओ बघून करायचं?

त्यात ४० वर्षांपुढच्या गाड्यांना २०१८पासून एमओटीची, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीची, सक्ती नाही. म्हणजे हौशी माणसाचं वेल्डिंग कुणी तपासतसुद्धा नाही. तुम्ही मजेत चालवाल हो, समोरून माझी पोरं येत असतात.

कॅनलेकर

पोरांना मध्ये आणलंत, म्हणजे मुद्दे संपले.

माझ्या गाडीबरोबर मला आधीच्या मालकाची फाइल मिळाली. तीत एका व्यावसायिक वर्कशॉपची छापील पावती: 'दोन्ही सिल नवीन.' ग्राइंडर लावला तर नव्या सिलखाली जुना सिल तसाच! कुजलेला, हातात चुरा होणारा. वरून नुसतं झाकण वेल्ड केलेलं. आता हे पोरखेळात मोडतं की 'ज्याचं काम त्याने'?

मी काय केलं तेही सांगतो, कारण लोक नेमके इथे फसतात. बॉडी चासीवरून उतरवली नाही. गाडी चाकांवर, वजन जिथे असायचं तिथेच. दार काढून बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत अँगल आडवा टाकून वेल्ड केला आणि मगच सिल कापला. एका वेळी एकच बाजू. नवा पत्रा आधी नुसता क्लॅम्पवर. मग दार परत लावून फट बघायची, काढायचं, पुन्हा लावायचं. टाके एक इथे, एक तिथे, म्हणजे पत्रा तापून ओढ घेत नाही. अँगल न टाकता कापलं की गाडी मधे बसते, दाराची वरची फट मिटते आणि दार जन्मभर घासतं. वर्कशॉपवाल्याला असं तासन्‌तास दार काढ-घाल करणं परवडत नाही. मला परवडतं, कारण माझ्या तासाला दर नाही.

उद्यमनगरी

मूळ प्रश्न चालू द्या. मला फक्त एक सांगा कॅनलेकर, ट्रनियनमध्ये (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खालच्या पितळी सांध्यात) काय घालता?

कॅनलेकर

गिअर ऑइल, ९० नंबर.

उद्यमनगरी

मग तुमची गाडी घरी करा नाहीतर देवळात करा, माझा पाठिंबा.

आमच्या वडिलांची हेराल्ड, मद्रासच्या कारखान्याची, चार दारांची. (ही चार दारं फक्त आपल्याकडे झाली बरं का, विलायतेतल्या हेराल्डला दोनच.) पुण्याच्या एका नावाजलेल्या गॅरेजात सर्व्हिसिंग, मिस्त्री 'तज्ज्ञ'. तो दरवेळी ट्रनियनला ग्रीस मारायचा. एकदा खंबाटकीच्या पायथ्याला चहा पिऊन निघालो, वडिलांनी स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि पुढचं डावं चाक आडवं झोपलं. वेग नव्हता म्हणून मी आज हे लिहितोय. उभा लोखंडी लिंक पितळी ट्रनियनच्या तोंडाशी तुटला होता. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं, वरून पाणी शिरलेलं आणि आट्यांवर लाल गंज. कारखान्याचं पुस्तक ऑइल घाला म्हणतं. व्यावसायिक असो की हौशी, पुस्तक वाचतो की नाही एवढंच मी बघतो.

पाना_तेरा

झालं! आले ऑइलवाले. आमच्याकडे गडहिंग्लजला हेराल्ड मार्क टू होती, आयुष्यभर ग्रीस. चाक झोपलं नाही, आम्हीच झोपायचो मागच्या सीटवर. ऑइल घातलं की दुसऱ्या दिवशी फरशीवर. ट्रनियनच्या बुडाची चकती कुठल्याच गाडीची पक्की बसलेली नसते. मग आत उरतं काय? हवा. त्यापेक्षा वेळच्या वेळी भरलेलं ग्रीस बरं.

उद्यमनगरी

'वेळच्या वेळी' म्हणजे कधी? लिंक तुटल्यावर? चकती गळते तर चकती बदला. घराचं छप्पर गळतं म्हणून तुम्ही छत्री लावून जेवता का?

पाना_तेरा

वडिलांच्या गाडीचा मिस्त्री ढिला होता त्याचा राग ग्रीसवर काढू नका. चाक सगळ्याच हेराल्डचं आडवं व्हायचं, ऑइलवाल्यांचंसुद्धा. डिझाइनच भिकार. कंपनीलाही कळलं होतं. पुढे स्टँडर्ड गझेल काढताना मागचा स्विंग अ‍ॅक्सल टाकून साधा अ‍ॅक्सल घातलाच ना?

उद्यमनगरी

मागचा अ‍ॅक्सल आणि पुढचा ट्रनियन! सासूचा राग वड्यावर म्हणतात तो हाच. ज्याला पुढचं आणि मागचं कळत नाही त्याच्याशी मी काय वाद घालणार?

चिंचवडची_सुई

दोघं जरा थांबा. पहिल्या पिंकेतल्या 'वैतागलेल्या बायको'वर कुणीच काही बोललं नाही, म्हणून मी बोलते. आमच्या हेराल्डचं संपूर्ण वायरिंग मी केलंय. जुना हार्नेस टेबलावर पसरून, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून, रंगाला रंग जुळवून. सीटची शिवणही माझी. नवऱ्याला सोल्डरिंगचा वास सहन होत नाही, तो चहा करतो.

आणि तुम्ही सगळे तंगड्या मोडण्याबद्दल बोलताय, फुफ्फुसांबद्दल कुणी नाही. आमच्या सोसायटीत एका सद्गृहस्थांनी पार्किंगमध्ये ताडपत्री लावून टू-के पेंट, म्हणजे हार्डनर मिसळायचा रंग, मारला. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडतो आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही उठतो. साहेबांच्या तोंडाला रुमाल! बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर ते काम घरी करायचंच नाही. वर तीन मजल्यांवर लहान मुलं होती. भांडण सोसायटीच्या मीटिंगपर्यंत गेलं आणि परिणाम काय, तर आता आम्हाला साधा कार्ब्युरेटरसुद्धा खाली उघडता येत नाही. जुन्या ब्रेक शूजचंही तेच. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि लोक खुशाल एअर मारून धूळ उडवतात. ओल्या फडक्याने पुसा.

म्हणून माझं मत: पत्रा, इंजिन, वायरिंग घरी. रंग बूथवाल्याकडे.

कॅनलेकर

रंगाचं शंभर टक्के मान्य. मीही रंग बाहेरच दिला.

दुसरा गिअर

अरे वा! म्हणजे 'ज्याचं काम त्याने' हे आता तुम्हालाही पटलं तर. धागा बंद करूया?

(बायकोवाला विनोद शिळा होता, तो मागे घेतो. बाकी एक अक्षर नाही.)

निवांत

एवढा त्रास कशाला? आमच्या मित्राने हेराल्डमध्ये मारुतीचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स टाकला. एसी पण आहे. मस्त पळते. ओरिजिनलचं काय लोणचं घालायचंय?

चिंचवडची_सुई

लोणचं नाही, नंबरप्लेट घालायचीय. २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपुढची गाडी मूळ रूपात असेल तर विंटेज म्हणून नोंदते, 'व्हीए' अक्षरांची प्लेट मिळते. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केले असतील तर नाही. मित्राला हे सांगा, मग बघा किती निवांत राहतो.

निवांत

रोज चालवायची गाडी आहे हो. विंटेज नोंदणीवर ती रोज वापरता येते का? नाही ना? मग प्लेट घेऊन काय आरती ओवाळायची?

दुसरा गिअर

हे मात्र बिनतोड. आणि इथेही तसंच आहे, मोठे फेरफार केलेत की एमओटीची सूट जाते.

तरी मी माझ्या मुद्द्यावर आहे. कॅनलेकर, तुम्ही दार शंभर वेळा काढ-घाल केलंत, छान. पण तुम्ही अपवाद. मी ज्यांच्या गाड्या विकत घेतो ते तुमच्यासारखे नसतात. माझ्याकडे आत्ता उभी असलेली स्पिटफायर १५०० बघा. मालकाने इंजिन 'स्वतः बांधलं'. क्लच दाबला की पुढची पुली डोळ्यांना दिसेल इतकी सरकते. क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे अर्धचंद्रासारखे थ्रस्ट वॉशर गळून पडलेत, क्रँक आणि ब्लॉक एकमेकांना खातायत. दोन अर्धचंद्रांचा खर्च चहाएवढा, पण घातले असणार उलटे.

कॅनलेकर

तो मालक आळशी होता, घरी होता म्हणून नव्हे. खोबणीची बाजू क्रँककडे, हे पुस्तकात चित्रासह आहे. आणि कुणीही सेकंडहँड घेताना क्लच दाबून पुली बघतोच की. तुम्ही घेताना बघितली नव्हती का?

दुसरा गिअर

बघितली होती. म्हणून तर स्वस्तात मिळाली.

कॅनलेकर

मग उघडणार कुठे?

दुसरा गिअर

…घरी. पण मला येतं ते काम!

चिंचवडची_सुई

😂 शाबास. आधी कुणाकडून शिकलात ते पण सांगा.

पाना_तेरा

त्यांचं चालू द्या. उद्यमनगरी, एक गोष्ट कबूल करतो, पण तुमच्यासाठी नाही. परवा भावाकडची गाडी वर घेतली. ट्रनियनचं ग्रीस निपल काढलं तर आत ग्रीस दगडासारखं. नवं ग्रीस वरच्या वरच परत बाहेर येतंय, खाली जातच नाही. म्हणजे भरल्याचं समाधान तेवढं आम्हाला मिळत होतं. पण ऑइल गळतं हे माझं म्हणणं कायम.

उद्यमनगरी

इतकी वर्षं लागली! असो. गळतीचा तोडगा आहे. ईपी ०० म्हणजे अर्धवट पातळ ग्रीस. ऑइलसारखं आट्यांत उतरतं आणि ऑइलइतकं पळत नाही. माझ्यासारख्या कट्टराला ते पाप वाटतं, पण कोरड्या ट्रनियनपेक्षा पाप बरं. मात्र आधी लिंक पूर्ण बाहेर काढा. केरोसिनमध्ये धुवा. आट्यांवर नखाने लागेल एवढा जरी खड्डा दिसला तर भंगारात, पॉलिश पेपर मारून परत घालायचा नाही. बसवताना पूर्ण आत पिळून थोडा मागे घ्या, स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत मोकळं वळलं पाहिजे.

पाना_तेरा

ट्रनियनपण झिजलाय. तुमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून मिळेल का?

उद्यमनगरी

मिळेल, पण दोन्ही नमुने घेऊन या. एका बाजूचे आटे सुलटे, दुसऱ्या बाजूचे उलटे. मागे एका टर्नरने एकाच नमुन्यावरून दोन्ही सुलटे करून दिले होते आणि गिऱ्हाईक डावीकडचा पिळत बसलं होतं. शनिवारी या, सोमवारी उद्यमनगर बंद.

पाना_तेरा

येतो. ग्रीसगन आणू का?

उद्यमनगरी

आणा. ईपी ०० त्यातूनच भरायचंय. आधी जुनं ग्रीस धुऊन काढा, तेवढा वेळ माझ्या फरशीवर नको.